माझ्या हातचं ॲल्युमिनियम

ॲल्युमिनियम मोडत नाही. वाकतं, चेपतं, ओरखडे घेतं, मार खातं, पण मोडत नाही. हे मी पूर्वीही सांगत होतो आणि आजही सांगतो. मधल्या काळात जे घडलं त्यावरून ज्यांनी पोट धरधरून हसून घेतलं, त्यांनाही सांगतो. हसा, खुशाल हसा! पण आधी पुरतं ऐकून घ्या. अर्धवट ऐकून मत ठोकणाऱ्या माणसांची मला भयंकर चीड आहे.

माझा धंदा ॲल्युमिनियमच्या खिडक्या-दारांचा. सरकत्या खिडक्या, दुकानांची दारं, दवाखान्यांची पार्टिशनं. शाळा मी लवकर सोडली की शाळेने मला, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. पण धातू मला पुस्तकाने शिकवला नाही, कानशीने शिकवला. हाताला लागला, रक्त आलं, कळला. झाला अभ्यास.

माझ्या कामाची एक रीत आहे. दार कितीही मोठं असो, शेवटचा हात माझा. हँडल जिथे बसतं तिथली पट्टी मी स्वतः बारीक पॉलिश पेपरने घासतो, कापल्याची धार मारतो, आणि मग खिशातला रुमाल काढून ती जागा पुसतो. चांगली रगडून. दुकानात फडकी ढिगाने पडलेली असतात. पण नाही, रुमाल माझाच. मालक स्वतःच्या रुमालाने दार पुसतोय हे बघून गिऱ्हाइकाचा जीव गार होतो. ॲल्युमिनियमची काजळी अशी चिवट की तो रुमाल बारा महिने काळा. बायको तो इतर कपड्यांत धुवायला घेत नाही. म्हणते, त्यापेक्षा रस्ता धुईन.

आता भांडणाचं मूळ. आम्हाला एकच मुलगी. तिची शाळा संपली, चांगली पास झाली. पण मार्कांचं सोडा, तिची नजर बघा! नजर नव्हे, टेप आहे. नुसत्या चौकटीकडे बघून सांगते, बाबा, डावीकडे खाली आलंय. मी टेप लावतो, तर खरंच आलेलं असतं. अशी नजर विकत मिळत नाही. मी मनातल्या मनात दुकानाची नवी पाटीसुद्धा रंगवून ठेवली होती, नावाखाली 'आणि कन्या' असं लिहिलेली. आणि ही म्हणाली, मला कॉलेजात जाऊन रसायनशास्त्र शिकायचंय.

मी विचारलं, त्यात काय असतं? म्हणाली, पदार्थ असतात. मी म्हटलं, मग आपल्या दुकानात काय भुतं असतात?

हे खूळ तिच्या डोक्यात कोणी घातलं हे मला पक्कं ठाऊक होतं. माझा मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ. कॉलेजात हाच विषय शिकवतो. बोलताना डोळे मिटतो, जणू पापण्यांच्या आतल्या बाजूला फळा लावलाय. प्रवेश शुक्रवारी बंद होणार होते आणि हा रविवारी दुपारी भाचीसाठी भेट घेऊन आला. नुसत्या चहाला आलेला नाही हे मला दारातच कळलं.

चहा झाला आणि मामा-भाचीने मिळून मला शिकवायला घेतलं. जगातली मूलद्रव्यं म्हणे तीन घरांत बसतात. धातू, अधातू आणि दोघांच्या मधले धातुसदृश. धातू चकाकतात, कठीण असतात, ठोकले की पत्रा होतो, ओढले की तार होते, आपटले की खणखणतात, उष्णता आणि वीज पुढे पोचवतात. अधातूंचं बहुतेक सगळं उलटं. निस्तेज, ठिसूळ, उष्णता पुढे जाऊ देत नाहीत. आणि धातुसदृश म्हणजे थोडे इकडचे, थोडे तिकडचे.

खोटं कशाला बोलू, हे मला आवडलं! मी तिथल्या तिथे घरच्या माणसांची वाटणीसुद्धा करून टाकली. मी धातू. लवकर तापतो, आवाज मोठा, कितीही ठोका, तुटत नाही. बायको अधातू. मी तापून लाल झालो तरी तिच्यापर्यंत उष्णता म्हणून पोचत नाही. आणि मेव्हणा धातुसदृश. चकाकतो धातूसारखा, जरा ठोकलं की फुटतो अधातूसारखा. बायको म्हणाली की तुमची ही वाटणी ऐकून पुस्तक लिहिणारे रडतील. मेव्हण्याने मात्र डोळे उघडले आणि खिशातून एक डबी काढली.

डबीत अंगठ्याएवढा चकचकीत तुकडा होता.

"दाजी, हा धातू आहे. गॅलियम. जरा हातात धरा."

धरला. गार होता, वजनदार होता, रूपेरी होता. म्हटलं, बरा दिसतोय. आणि तो मुठीत ठेवूनच मी त्या दोघांना धातू म्हणजे काय ते चार शब्दांत सुनवायला लागलो. धातू म्हणजे शब्दाचा पक्का. आज एक, उद्या एक, असलं त्याचं नसतं. कोणी नुसता हात लावला म्हणून धातू आपली जागा सोडत नाही. माणसांनी त्याच्याकडून शिकावं. माझं हे चांगलं रंगात आलेलं असताना मुठीतून काहीतरी ओघळलं. मूठ उघडून बघतो तर तुकडा गायब आणि तळहातावर चमचाभर चांदीचं पाणी डुचमळतंय. विस्तव नाही, भट्टी नाही. नुसत्या माझ्या हाताच्या उबेने वितळला! चहात बुडवलेलं बिस्कीटसुद्धा याच्यापेक्षा जास्त दम धरतं.

बायको हसली. मुलीने टाळ्या वाजवल्या. मेव्हण्याने डोळे मिटले आणि सांगितलं की धातू कठीण असतात हे ढोबळमानाने खरं, पण पारा साध्या हवेतही पातळ असतो, सोडियम सुरीने कापता येतो, आणि हा गॅलियम अंगाच्या उबेने वितळतो. मी म्हटलं, म्हणजे तुमच्या पुस्तकातला नियम खोटा. यावर मेव्हणा काही बोलायच्या आत मुलगी बोलली.

"खोटा नाही बाबा. अपुरा आहे. पुढचं कळावं म्हणूनच शिकायचंय मला."

हे वाक्य मला माशाच्या काट्यासारखं घशात अडकलं. काढता येईना, गिळता येईना. मग अशा वेळी माणूस जे करतो ते मी केलं, आवाज वाढवला. हा धातू नव्हेच, ही फसवणूक आहे, उद्या बाजारात चार जाणत्या माणसांना दाखवतो, असं म्हणून मी ते पाणी रुमालात ओतून घेतलं, वर गाठ मारली आणि पुडकं पँटच्या खिशात कोंबलं. मुलगी म्हणाली, बाबा, ती माझी भेट आहे. मी म्हटलं, तपासून परत करीन. मेव्हणा मात्र खुर्चीतून उठला.

"दाजी, तो खिशात नका ठेवू. एक गोष्ट लक्षात घ्या, ॲल्युमिनियमला हा..."

"ॲल्युमिनियम तू मला शिकवणार?"

"तसं नाही, पण ऐका तर..."

"ज्याच्या घरच्या खिडक्या मी बसवल्या, त्याने माझ्यासमोर ॲल्युमिनियमवर बोलू नये."

त्याने डोळे मिटले. या खेपेला तोंडही मिटलं.

सोमवारी आमच्याच रस्त्यावरच्या दातांच्या डॉक्टरकडे नवं सरकतं दार बसवायचं होतं. दिवस कडक उन्हाचा. चौकट उभी केली, काच बसवली, रोलर रुळावर टाकले, दार बोटाने ढकललं तर लोण्यातून सुरी जावी तसं गेलं. मग माझी रीत. पट्टी पॉलिश पेपरने घासली आणि रुमाल काढला. गाठ सोडतो तर आत तुकडा नाही की पाणी नाही. उठण्या-बसण्यात कुठेतरी गळून गेलं असेल. म्हटलं, गेलं तर गेलं, असल्या नाठाळ धातूची पीडा टळली. रुमाल नेहमीसारखाच काळा होता, त्यामुळे त्यात आणखी काय मुरलंय हे बघायचं मला कारण नव्हतं. पट्टी रगडून पुसली. त्या दिवशी ती अशी काही चमकली की डॉक्टर म्हणाले, वा, आरसाच केलात! मी म्हटलं, हाताची करामत.

मंगळवारी सकाळी त्यांचा फोन आला. आधी मला वाटलं, कौतुकाचा आहे.

ते सांगत होते की खुर्चीत एका बाईंना झोपवलं होतं, त्यांच्या तोंडात कापूस होता, आणि हात धुवायला जाताना डॉक्टरांनी दार ओढलं तर हँडल त्यांच्याच हातात आलं. एकटं नाही आलं, पट्टीचा हातभर तुकडा बरोबर घेऊन आलं. मी जाऊन बघतो तर खरंच. पट्टी वाकलेली नाही, चेपलेली नाही. खडू मोडावा तशी मोडलेली, आणि खाली राखाडी चुरा! त्या बाई अजून खुर्चीतच होत्या. तोंड उघडं, डोळे माझ्यावर. माझ्या धंद्यात माझा इतका पाणउतारा कोणी केला नव्हता, आणि ती बाई तर एक शब्दही बोलली नव्हती.

आता तुम्हीच सांगा, अशा वेळी मी काय करायला हवं होतं? माफी मागायची? जी गोष्ट घडूच शकत नाही तिची माफी कशी मागणार? मी डॉक्टरांना विचारलं, दार ओढलं कसं? ते म्हणाले, हाताने. मी म्हटलं, दात उपटायच्या जोराने ओढलं असेल. त्यावर तो शांत माणूस हातमोजे काढत म्हणाला:

"मीही धातूचंच काम करतो. लोकांच्या दाढांत भरतो. ते रोज चावतात, तरी वर्षानुवर्षं टिकतं. तुमचं दार एक रात्र टिकलं नाही."

मला भयंकर झोंबलं. मी तडक दुकानात गेलो, नवी पट्टी कापली, आणून बसवली, दुप्पट घासली आणि रुमालाने चौपट रगडली. रागाने अंगात जोर येतो. डॉक्टरांना म्हटलं, आता हत्ती बांधा याला. हत्ती लांबच राहिला, संध्याकाळी त्यांच्या मदतनीस मुलीने दिवे मालवायला जाताना दार नुसतं लोटलं, आणि पट्टी पुन्हा तिच्या पायाशी!

रस्त्याला तोंडं फार असतात. रात्रीपर्यंत सगळीकडे झालं की याच्या दारांना हात लावू नका, नुसती बघा. घरी बायको म्हणाली की माझ्या भावाला फोन करा, त्याला काहीतरी सांगायचं होतं. मी म्हटलं, माझ्या दाराचा आणि त्याच्या कॉलेजचा काय संबंध? उलट मुलीलाच सुनावलं. दुकानाच्या नावाला आग लागलीय आणि तुला रसायनशास्त्र सुचतंय? शुक्रवारचं डोक्यातून काढून टाक. दुकान सावरल्याशिवाय कॉलेजचं नाव काढायचं नाही.

मुलगी रडली नाही. नुसतं विचारलं, बाबा, पट्टी नेमकी कुठे मोडली? हँडलापाशी की वरही? मी म्हटलं, मेलेल्या माणसाला कुठे दुखत होतं हे विचारून काय उपयोग. तिने मोडके तुकडे गोळा केले आणि स्वतःच्या खोलीत नेले. मला वाटलं, बापाच्या अपमानाची आठवण म्हणून जपून ठेवतेय. काळजात थोडं हललं. पण मी चेहऱ्यावर येऊ दिलं नाही.

बुधवारी मी घाऊक व्यापाऱ्याच्या गोदामावर चढाई केली. कारण उघड होतं. हात माझा, आणि माझा हात चुकत नाही. उरलं काय? माल! हा व्यापारी जाडजूड, शांत, कायम टेकून बसणारा माणूस. त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला की माझ्या मालात खोट निघाली तर मी मिशा उतरवीन. मिशा दिमाखदार होत्या. मी म्हटलं, वस्तरा मागव. त्याच्याच ढिगातली त्यानेच निवडलेली पट्टी घेतली, आतली खोट दिसावी म्हणून मधोमध पॉलिश पेपरने घासली, रुमालाने पुसली, उजेडात धरून बघितली. काही दिसेना. मग टेबलावर ठेवली आणि आम्ही भांडायला बसलो. भांडण चांगलं लांबलं. वरचा पत्रा तापलेला, मध्ये सरबत आलं, ते पिऊन परत भांडलो. शेवटी मी वैतागून ती पट्टी उचलली आणि टेबलाच्या कडेवर हाणली.

दोन तुकडे!

माझ्या आयुष्यातला तो सर्वात आनंदाचा क्षण असावा. लग्न धरून सांगतो. व्यापाऱ्याचा हात आपोआप मिशांवर गेला. त्याने लगेच बाजारातल्या सगळ्या खिडकीवाल्यांना फोन लावले की या खेपेचा माल वापरू नका. सगळीकडची कामं थांबली. मी छाती काढून घरी आलो. माझ्या नावावरचा डाग गेला होता.

गुरुवारी सकाळी व्यापारी दुकानात हजर. मिशा जागेवर. हातात त्याच खेपेची पट्टी, वेटोळ्यासारखी वाकवलेली, पण मोडलेली नाही. त्याने सांगितलं की आपल्या माणसांनी ढिगातल्या कितीतरी पट्ट्या ठोकल्या, वाकवल्या, पिळल्या. एकही तुटली नाही. बाकीच्या खिडकीवाल्यांची एकही तक्रार नाही.

"माल चोख आहे. मोडतं ते फक्त तुमच्या हातात. हात तपासून घ्या."

माझा हात! मंडळी, माणसाला चोर म्हणा, खोटारडा म्हणा, पण कारागिराच्या हाताला नावं ठेवू नका. मी सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगितलं की आज दुपारी माझ्या दुकानासमोर या. माझ्या घरी एक ॲल्युमिनियमची शिडी आहे. लग्नानंतर लगेच, मी माझ्या हातांनी केलेली, जुन्या मालाची. आजवर एक पायरी हललेली नाही. मी तिच्यावर उभा राहून दाखवतो. ती टिकली म्हणजे माझा हात चोख आणि तुमचा नवा माल खोटा. व्यापाऱ्याने विचारलं, आणि नाही टिकली तर? मी म्हटलं, तर मी काय करतो ते तेव्हा बघा. मी अजून ठरवलं नव्हतं.

चारचौघांसमोर न्यायची म्हणून शिडी सजवायला घेतली. वर्षानुवर्षांची काजळी पॉलिश पेपरने उतरवली. एकेक पायरी, एकेक सांधा घासला. रिव्हेट ठोकून घट्ट केले. आणि सगळी शिडी वरपासून खालपर्यंत रुमालाने रगडून रगडून पुसली. अशी झळकायला लागली की शेजारचा शिंपी म्हणाला, हिला घडी घालून कपाटात ठेवा. मग ती उन्हात उभी करून मी जेवायला गेलो. पोटभर जेवलो. हे मुद्दाम सांगतो. मला यत्किंचितही भीती नव्हती.

दुपारी गर्दी जमली. डॉक्टर दवाखान्यातून तसेच उठून आले. व्यापारी आला, आपल्या माणसांना घेऊन. बायको दुकानाच्या पायरीवर हनुवटीला हात लावून बसली. मेव्हणाही दिसला. मी बोलावलं नव्हतं. मुलगी मात्र कुठेच दिसेना. मी शिडीवर चढलो. सगळ्यात वर नाही, मी काही वेडा नाही. निम्म्यावर थांबलो, एक हात कमरेवर ठेवला आणि बोलायला सुरुवात केली. विषय अर्थात ॲल्युमिनियम.

मी सांगत होतो की जगात दोन तऱ्हेची माणसं असतात, पुस्तकातली आणि हातातली. इतक्यात डॉक्टरांच्या दवाखान्यातून मुलगी धावत आली. हातात पट्टीचा तुकडा, श्वास लागलेला.

"बाबा, आधी खाली उतरा."

मी म्हटलं, वर चढलेल्या माणसाला खालून शिकवू नये.

"बाबा, वरची पट्टी शाबूत आहे, खालची शाबूत आहे. तुम्ही रुमाल फिरवला तेवढीच जागा..."

"मध्ये बोलू नकोस," मी म्हटलं. शिस्त म्हणजे शिस्त.

आवाज मोठा नव्हता. माझी अपेक्षा होती की शिडी मोडलीच तर कडाडून मोडेल, खानदानी वस्तू आहे. पण ती कोणीतरी लांबवर कोरडी काटकी मोडावी तशी हलकेच कुरकुरली. पायाखालची पायरी गेली. मी खालच्या पायरीवर आलो, ती गेली. मग तिच्या खालची. एखाद्या पाहुण्याला वाट करून द्यावी तशा सगळ्या पायऱ्या बाजूला झाल्या. आणि शेवटी दोन उभे पायही दोन्हीकडे सुटे झाले. लोक म्हणतात, मी शिडीवरून पडलो. साफ खोटं आहे! शिडी माझ्याखालून निघून गेली. मी होतो तिथेच होतो, फक्त जमिनीवर बसलेला. माकडहाड मात्र टणकन वाजलं. धातू नादमय असतात, हाडंही असतात.

कोणी हसलं नाही. ते त्यांना नंतर सुचलं. मेव्हण्याने मला धरून उठवायचा प्रयत्न केला, पण मी म्हटलं, राहू दे, मी बसलोय. मुलीने सगळ्यांसमोर तो तुकडा धरला. मोडलेल्या जागी मोहरीपेक्षा बारीक रूपेरी ठिपके चमकत होते. ती म्हणाली की हे गॅलियम आहे. ॲल्युमिनियमवर मुळात एक पातळ थर असतो, तो त्याला सांभाळतो. बाबा तो थर पॉलिश पेपरने घासून काढतात आणि रुमालाने तिथेच गॅलियम भरवतात. मग ते आत कणाकणांच्या मधल्या फटींत शिरतं आणि त्यांची पकड सोडवतं.

मेव्हण्याने डोळे मिटून भर घातली की भिंतीच्या विटा तशाच राहाव्यात आणि मधलं सिमेंट तेवढं काढून घ्यावं, तसं.

सगळ्यांची नजर माझ्या खिशाकडे गेली. मी रुमाल काढला. जो तो एक पाऊल मागे सरला. व्यापाऱ्याने तर मिशाच झाकल्या.

"मग हे आधी सांगायचं होतंस," मी मेव्हण्याला म्हटलं.

"सांगत होतो, दाजी. रविवारी."

"नीट सांगायचं होतंस. ओरडून."

यावर बायको बोलली. पायरीवर बसल्या बसल्या, आवाज न चढवता, माझ्याविषयी दोन वाक्यं बोलली. ती इथे देत नाही, कारण हा माझा लेख आहे, तिचा नाही.

पण एक गोष्ट झाली. व्यापारी मान हलवत म्हणाला की म्हणजे माझा माल चोख. आणि मुलगी चटकन म्हणाली, हो, आणि बाबांचा हातही. हाताचा काहीच दोष नाही. एवढी लख्ख घासली म्हणूनच एवढी लवकर मोडली. आळशी कारागीर असता तर पट्टी टिकली असती. डॉक्टरांनी हे ऐकलं आणि मला शनिवारी नवं दार बसवायला या म्हणाले. येताना रिकाम्या खिशाने या, एवढं मात्र वर सांगितलं.

म्हणजे बघा. मी तीन दिवस घसा फोडून जे सिद्ध करू शकलो नाही, ते या पोरीने एका तुकड्यावर सिद्ध केलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण जमिनीवर बसून आनंद दाखवणं कठीण असतं.

गर्दी पांगली. मुलगी माझ्यासमोर उकिडवी बसली.

"बाबा, उद्या शेवटचा दिवस आहे."

मी मोडक्या पायऱ्या गोळा करायला लागलो.

"मी दुकान सोडून चालले नाहीये. पण पट्टी का मोडली हे शोधताना मला जेवढं बरं वाटलं, तेवढं टेप धरताना कधी वाटलं नाही. एकदासुद्धा नाही."

तिची ती नजर मी दुकानासाठी राखून ठेवली होती. ती नजर चौकटीतून आरपार बघत होती आणि मी तिला चौकटीचंच माप घ्यायला सांगत होतो. हे मला त्या क्षणी कळलं असं मी म्हणणार नाही. त्या क्षणी मला फक्त माकडहाड कळत होतं. पण मी म्हटलं, जा. शिक. आणि लक्षात ठेव, मी हरलो म्हणून पाठवत नाहीये. असले दगाबाज धातू मोकाट फिरतायत, त्यांच्यावर घरातलं कोणीतरी लक्ष ठेवायला पाहिजे, म्हणून पाठवतोय.

"हो बाबा," ती म्हणाली. हसली नाही. पोरगी गुणी आहे.

शुक्रवारी तिच्याबरोबर कॉलेजात पालक म्हणून मलाच जावं लागलं. प्रवेशाच्या खोलीत ही गर्दी, आणि भिंतीला लागून खुर्च्यांची रांग. तिथले कारकून पहिल्यांदा म्हणाले, बसा ना काका. मी म्हटलं, नको, बरा आहे. थोड्या वेळाने स्वतः उठून खुर्ची घेऊन आले. मी हात जोडले आणि उभाच राहिलो. आतून प्राचार्य बाई आल्या, त्यांनीही बसायचा आग्रह केला. मी मान खाली घालून पुन्हा नको म्हटलं. मान वर केली की कळ मस्तकापर्यंत जात होती. आमचा नंबर येईपर्यंत मी तसाच उभा, मान खाली, हात जोडलेले, डोळ्यांत पाणी.

त्या बाई बाकीच्या पालकांकडे वळून म्हणाल्या, "याला म्हणतात विद्येचा आदर. इतका नम्र माणूस मी आजवर पाहिला नाही."

मला आयुष्यात नम्र असं कोणीही, कधीही म्हटलेलं नाही. दुसरा कोणताही दिवस असता तर मी तिथल्या तिथे बाईंची चूक दाखवून दिली असती. पण त्यासाठी आधी ताठ व्हावं लागलं असतं.